दऱ्यांचा दर्या

लोटू पाटलाला मोठ्याने वाचून दाखवायची हौस होती. उधन्याच्या डाइंग मिलच्या ऑफिसात दुपारी डबे उघडले की तो पिशवीतून काहीतरी छापील काढायचा आणि एका हाताने भाकरी मोडत, दुसऱ्या हातात पान धरून सगळ्यांना ऐकवायचा. त्या दिवशी त्याच्या हातात 'तापीकाठ' होतं. सुरतेतल्या खान्देशी मंडळींसाठी निघणारं हे मासिक. त्यात जमलेली लग्नं, गेलेली माणसं, गावाकडच्या यात्रांच्या तारखा आणि शेवटून दुसऱ्या पानावर 'माउसची शेपूट' नावाचं सदर.

हे सदर गजेंद्र बोरसे लिहायचा. लिंबायतला त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि जगातल्या प्रत्येक मशीनबद्दल त्याच्याकडे एक मत तयार असायचं. रंगीत मॉनिटर म्हणजे डोळ्यांचा शत्रू, असं तो एका महिन्यात लिहायचा. पुढच्याच महिन्यात, ज्या कॉम्प्युटरवर गेम चालत नाही तो कॉम्प्युटर नसून नुसता महागडा टाइपरायटर आहे, असं ठासून सांगायचा. ज्यांनी आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता, तेही मासिक आलं की आधी हे पान उघडत.

"'या महिन्यात आपण बोरू नावाचा मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम पाहू,'" लोटूने सुरुवात केली.

जयश्री बडगुजरने तोंडाशी नेलेला घास खाली ठेवला.

बोरू तिने लिहिला होता. ऑफिसात ही गोष्ट फक्त शेजारच्या टेबलावरच्या चंचलबेनला ठाऊक होती. बाकीच्यांच्या लेखी जयश्री म्हणजे मिलची चलनं आणि पगारपत्रकं कॉम्प्युटरवर काढणारी मुलगी. संध्याकाळी सगळे गेल्यावर ती मागे का थांबते, हे कुणी विचारलं नव्हतं आणि तिनेही सांगितलं नव्हतं.

"'प्रोग्रॅम सुरू केला की पडद्यावर ज. धु. बडगुजर असं नाव येतं. या गृहस्थांना आमचा नमस्कार. त्यांच्या बोरूने आम्ही डोंगरातल्या दऱ्या लिहायला गेलो, तर उमटला दर्या. आम्ही दरी मागितली आणि गृहस्थांनी समुद्र हातात ठेवला.'" लोटू इथे थांबून हसला. बाकीचेही हसले. "'चौथं पान सुरू केलं की मशीन जागच्या जागी थिजतं. पुढे जात नाही, मागे येत नाही, आणि लिहिलेलं सगळं जातं. बटणांची मांडणी तर अशी, की टायपिंग शिकलेला माणूस त्यावर आंधळा व्हावा. बडगुजरांनी हा बोरू मोडून चुलीत घालावा आणि दुसरी एखादी विद्या धरावी, असं आमचं प्रामाणिक मत आहे.'"

"चुलीत," लोटू पुन्हा म्हणाला. त्याला तो शब्द आवडला होता. मग त्याचं लक्ष नावाकडे गेलं. "बडगुजर. तुमच्यातलं कुणी आहे का गं, जयश्री?"

"मीच आहे," जयश्री म्हणाली.

लोटूने मासिकाची घडी घातली. "मला काय माहीत. चांगलं लिहिलंय म्हणून वाचलं," असं काहीसं पुटपुटत तो डब्यात डोकं घालून बसला. चंचलबेनने आपली लोणच्याची बरणी जयश्रीच्या पुढ्यात सरकवली. 

बोरूची सुरुवात मिलमधल्याच एका अडचणीतून झाली होती. शेठना कामगारांसाठीच्या सूचना गुजरातीत काढायच्या असत, आणि मशीनवर तर फक्त इंग्रजी उमटायचं. जयश्री बी.एस्सी. झालेली, त्यावर कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली. तिने शेठना विचारलं आणि संध्याकाळी मशीन वापरायची परवानगी मिळवली. आलेखाच्या कागदावर चौकोन भरून भरून तिने एकेक अक्षर काढलं. मग त्या अक्षरांना कळफलकावरची बटणं नेमून दिली. आधी गुजराती झालं. पण मिलमधले अर्धे कामगार धुळे-नंदुरबारकडचे. त्यांना गुजराती बोलता यायचं, वाचता यायचं नाही. तेव्हा तिने गुजराती अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरं बसवली, आणि मराठी बोरू तयार झाला. कतारगामला छगनभाई नावाचे एक गृहस्थ कॉम्प्युटर जोडून विकायचे. त्यांनी तो फ्लॉपीवर घालून दुकानात ठेवला. छापखानेवाले आणि लग्नपत्रिकावाले तो नेऊ लागले होते.

मत ऐकल्यावर तिला आधी राग आला. मग वाटलं, हा माणूस खोटं बोलतोय. संध्याकाळी तिने बोरू उघडला आणि पानांमागून पानं भरत गेली. हाताला आला तो मजकूर, रंगांची नावं, मिलच्या ग्राहकांचे पत्ते, काहीही. चौथं पान गेलं, त्यानंतरचीही गेली. मशीन कुठे थिजलं नाही. राहिलं ते एक अक्षर. दऱ्या, सुऱ्या, नवऱ्या. असे शब्द असतात किती, असं म्हणून तिने मशीन बंद केलं आणि नवागामची रिक्षा धरली.

घरी तिचे आबा, म्हणजे वडील धुडकू, ओट्यावर बसले होते. उभं आयुष्य लूमच्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं, आणि म्हणून त्या घरात सगळेच वरच्या पट्टीत बोलायचे. जयश्री चप्पल काढून भिंतीला टेकली आणि लोटूकडून मागून आणलेलं मासिक उघडून बसली.

"काय करी ऱ्हायनी व?" आबांनी विचारलं.

"वाची ऱ्हायनी ती," आतून आईचा, उषाबाईंचा आवाज आला. "बाई, जेवाले ये. भाकर थंडी व्हई ऱ्हायनी."

जयश्रीने मान वर केली. लहानपणापासून कानावर पडणारं हे बोलणं तिने त्या क्षणी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. आई-आबांच्या अहिराणीत ते अक्षर आल्याशिवाय एक वाक्य पुरं होत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने आबांचा प्रश्न बोरूत लिहून पाहिला. पडद्यावर उमटलं, 'काय करी र्हायनी'. ह च्या डोक्यावर रफाराचा आकडा चढून बसला होता. गुजरातीत र चा पाय मोडला की तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो आणि तिथेच संपतो. मराठीतला तो पुढच्या अक्षराच्या अंगाला बिलगलेला आडवा र गुजरातीत नाहीच, आणि तिने तर गुजरातीवरच मराठी चढवलं होतं. घरात रोज बोललं जाणारं वाक्य आपल्याच प्रोग्रॅममध्ये लिहिता येत नाही, हे पाहून तिला लेखातल्या शब्दांपेक्षा जास्त लागलं.

त्याच आठवड्यात छगनभाईंचा मिलवर फोन आला. "बेन, बे जण फ्लॉपी पाछी आपी गया," ते म्हणाले. दोघांनी माल परत आणून दिला होता. "तमारा मराठी मासिकमां कंईक छपायुं छे." त्यांच्या आवाजात राग नव्हता. विकत नाही ती वस्तू मागच्या फळीवर ठेवायची, एवढाच त्यांचा हिशेब.

रविवारी जयश्री लिंबायतला गेली. रेल्वेखालच्या गरनाळ्यातून, त्या बुटक्या बोगद्यातून, पलीकडे निघालं की डाव्या हाताला गजेंद्रचं दुकान होतं. टायर करकरल्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. आत तिशीचा एक माणूस पडद्यावरच्या लाल गाडीबरोबर स्वतःही वळणं घेत बसला होता.

"एक मिनिट, ताई. ही फेरी संपू द्या," तो वळून न पाहता म्हणाला.

जयश्री उभी राहिली. दुकानात उघडी पडलेली मशीनं, तारांची भेंडोळी आणि भिंतीला मासिकाचे जुने अंक. फेरी लवकर संपेना, तेव्हा ती म्हणाली, "मी ज. धु. बडगुजर."

लाल गाडी कठड्यावर जाऊन आदळली. गजेंद्रने खुर्ची वळवली. "म्हणजे, तुमच्या भावाने..."

"भावाने नाही. मी."

 मग स्टुलावरचा जुना कळफलक उचलून त्याने तिला बसायला जागा केली. "बसा. एक आधीच सांगतो, ताई. तुम्ही बाई आहात म्हणून माझं मत बदलायचं नाही."

"बदलू नका. तेवढं चौथं पान दाखवा."

त्याने खणातून फ्लॉपी काढली. तिच्यावरचं 'बोरू' हे नाव निळ्या शाईने कुणीतरी घाईघाईत लिहिलेलं. "ही मी विकलेली फ्लॉपी नाही," जयश्री म्हणाली.

"एका मित्राने कॉपी करून दिली."

"म्हणजे चोरीच्या मालावर मत दिलंत."

"माल कॉपीचा असेल, मत माझं स्वतःचं आहे," गजेंद्र म्हणाला. त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

जयश्रीने पर्समधून स्वतःची फ्लॉपी काढून मशीनमध्ये घातली. कॉपी करताना काहीतरी बिघडलं असणार, अशी तिची आशा होती. गजेंद्र टाइप करू लागला. पहिलं पान झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्या पानाच्या पहिल्या ओळीला पडदा थिजला. त्याने बटणं दाबून दाखवली. काही हललं नाही. मग त्याने चहा मागवला.

"मशीन सुरू होताना काय काय चालू होतं ते दाखवा," ती म्हणाली.

त्याने ती यादी असलेली फाइल उघडली. जयश्री ओळी वाचत गेली. मशीन जागं होताच गेमच्या आवाजाचा ड्रायव्हर मेमरीत येऊन बसत होता. त्याच्या मागून कोपऱ्यात वेळ दाखवणारं घड्याळ, मग व्हायरसवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम. बोरूची पाळी येईपर्यंत मेमरीतली बरीचशी जागा भरलेली असायची. तिने त्या ओळी काढून टाकल्या, मशीन पुन्हा चालू केलं आणि बोरू उघडून दिला. आता चौथं पान विनातक्रार पुढे सरकलं, पाचवंही.

"झालं," जयश्री म्हणाली. "दोष तुमच्या मशीनचा. तुमच्या गेमने जागा अडवली होती."

गजेंद्रने चहाचा घोट घेतला. "ताई, तुमच्या घरी पाहुणा आला आणि आत बसायला जागा नसली, तर तुम्ही काय करता? जागा नाही, थोडं थांबा, असं सांगता. दारातल्या दारात बेशुद्ध पडत नाही."

"पण तुमच्या मशीनवर इतकं सगळं..."

"माझ्या मशीनवर काय असावं, हे तुम्ही ठरवणार का? कुणी गेम ठेवेल, कुणी कुंडलीचा प्रोग्रॅम ठेवेल. तुमच्या प्रोग्रॅमने ते धरूनच चालायला हवं. जागा संपली तर संपली म्हणून सांगा. माणसाचं लिहिलेलं का खाता?"

जयश्रीला आपल्या प्रोग्रॅममधली ती ओळ आठवली. पुढचं पान सुरू करताना तिचा प्रोग्रॅम मेमरी मागायचा आणि ती मिळाली का हे न पाहताच कामाला लागायचा. मिलच्या मशीनवर दुसरं काहीच नसायचं, त्यामुळे मागितलं की मिळतं असंच तिने धरलं होतं. दोष गेमचा नव्हता. तो कुठे आहे हे तिला गजेंद्रपेक्षा जास्त कळलं होतं, आणि ते कबूल करायला तिला सगळा चहा संपवावा लागला.

"बरोबर आहे तुमचं," ती शेवटी म्हणाली. "अक्षराचंही बरोबर आहे. ती दोन्ही कामं मी करते. पण बटणांबद्दल लिहिलंत ते चूक आहे."

"ते तर सगळ्यात बरोबर आहे."

"क ला के, म ला एम. ज्याने कधी टायपिंग केलं नाही त्यालाही बटण सापडावं म्हणून केलंय ते. टाइपरायटरची मांडणी तुमच्यासारख्या शिकलेल्यांना ठीक."

"ज्याने कधी टायपिंग केलं नाही तो टाइप करायला बसेलच कशाला?"

यावर दोघांचं चांगलंच जुंपलं. तेवढ्यात शेजारच्या गल्लीतल्या शोभाताई खैरनार हळदीकुंकवाचं आमंत्रण छापून घ्यायला आल्या. सातवीपर्यंत शिकलेल्या, दारात बसून साड्यांना लेस लावून देणाऱ्या. जयश्रीने त्यांना मशीनसमोर बसवलं.

"ताई, तुमचं नाव लिहा बघू यावर."

"मला येतंय होय ते," शोभाताई म्हणाल्या, पण बसल्या. शाळेतली एबीसीडी त्यांना आठवत होती. एका बोटाने शोधत शोधत त्यांनी 'शोभा' उमटवलं आणि पडद्याकडे पाहून खूश झाल्या. जयश्रीने गजेंद्रकडे पाहिलं. मग गजेंद्रने आपला नेहमीचा टाइपरायटरच्या मांडणीचा प्रोग्रॅम उघडून दिला. शोभाताईंनी दोन-चार बटणं दाबली, भलतीच अक्षरं आली, त्यांनी हात मागे घेतला.

"बघा," जयश्री म्हणाली.

"आता पूर्ण आमंत्रण लिहा, ताई, त्या पहिल्यावर," गजेंद्र म्हणाला.

शोभाताईंनी पुन्हा बोरूवर सुरुवात केली. 'सप्रेम नमस्कार' लिहिताना त्या 'सप्रे'पर्यंत आल्या आणि उठल्या. "माझा भात लागायचा तिकडे. गजाभाऊ, तूच टाक बाबा सगळं, मी संध्याकाळी येते," असं म्हणून त्या निघून गेल्या.

"बघा," गजेंद्र म्हणाला.

कुणाचं खरं ठरलं हे त्या दिवशी ठरलं नाही, आणि पुढेही कधी ठरलं नाही.

जयश्रीने कामाला हात घातला. मेमरीचं काम सोपं निघालं. अवघड गेलं ते अक्षर. तो आडवा र पुढच्या अक्षराच्या अंगाला असा चिकटायला हवा की ना त्याच्यापासून सुटा दिसावा, ना त्यात बुडून जावा. आलेखाच्या कागदावर तो छान दिसायचा आणि प्रिंटरमधून कागद बाहेर आला की मेलेल्या झुरळाच्या मिशीसारखा. टिंबांच्या त्या प्रिंटरला बारीक वळण जमायचंच नाही. ती एकेक चौकोन इकडून तिकडे हलवत राहिली. चंचलबेनला मराठी वाचता येत नव्हतं, पण दोन कागद शेजारी धरले की कुठला बरा ते ती चटकन सांगायची, आणि बहुतेक वेळा तिचं म्हणणं पटायचं.

जागा संपल्यावर पडद्यावर यायचा निरोपही एकदा फिरला. जयश्रीने आधी 'मेमरी दोष क्रमांक तीन' असं घातलं होतं. नवी फ्लॉपी घेऊन ती लिंबायतला गेली, तेव्हा गजेंद्रने ते वाचून कपाळाला हात लावला. "दोष कुणाचा? वाचणाऱ्याला वाटेल त्याचाच. साधं बोला ना." तिथेच बसून दोघांनी वाक्य जुळवलं, 'जागा संपत आली आहे. लिहिलेले आधी साठवा, मग पुढे जा.' गजेंद्रला 'कृपया' नको होतं, जयश्रीला हवं होतं. बऱ्याच वादानंतर 'कृपया' राहिलं नाही.

पुढच्या महिन्यात 'माउसची शेपूट'मध्ये बोरूवर पुन्हा दोन परिच्छेद आले. 'दऱ्या आता दऱ्याच राहतात. चौथं पान पार पडतं, आणि जागा नसली तर प्रोग्रॅम माणसासारखा बोलतो. बटणांची मांडणी मात्र पूर्वी होती तितकीच वाईट आहे, आणि हे आम्ही या प्रोग्रॅमच्या कर्त्रीला तोंडावर सांगितलं आहे.' लोटूने हेही डबे उघडल्यावर मोठ्याने वाचलं, या वेळी आधी जयश्रीची परवानगी घेऊन.

पण विक्री काही पुन्हा सुरू झाली नाही. पहिलं मत सगळ्यांनी वाचलं होतं, दुसरं थोड्यांनी. "जेने जोईती हती, एने कॉपी मळी गई," छगनभाई म्हणाले. ज्याला हवा होता त्याच्याकडे तो कॉपी होऊन पोहोचला होता, आता दुकानात कोण येणार? उरलेल्या फ्लॉप्यांचा खोका त्यांनी तिच्या हवाली केला. जयश्रीला वाईट वाटलं, पण मिलचं काम होतं, आणि दिवस जात राहिले.

उन्हाळ्यात मामाच्या नात्यातलं एक लग्न निघालं, नंदुरबारला. पत्रिका घरी आली ती उषाबाईंनी देव्हाऱ्यापुढे ठेवली आणि मग लेकीच्या हातात दिली. जयश्री वाचता वाचता थांबली. पत्रिकेतला ध तिच्या ओळखीचा होता. त्याची गाठ जरा डावीकडे कललेली, कारण तो काढताना तिचा एक चौकोन चुकला होता आणि पुढे तो सुधारायचा राहूनच गेला होता. सगळी पत्रिका बोरूत केलेली होती. आणि मधोमध, मोठ्या टायपात, 'सर्व सगेसोयर्यांनी अगत्य येण्याचे करावे.'

"हाई तुनं अक्षर शे का?" उषाबाईंनी तिचा चेहरा पाहून विचारलं.

"माझंच आहे, आई."

उषाबाईंना आनंद झाला. त्यांनी पत्रिका शेजारणींना दाखवली. जयश्रीला तो आनंद अर्धाच घेता आला. नंदुरबारला तिने कुणालाही फ्लॉपी विकली नव्हती. म्हणजे तो जुना, पाय मोडलेला बोरू हातोहात रेल्वेने तिथवर गेला होता आणि तिच्या अक्षरांत तिची चूक गावोगाव छापत होता. नंदुरबारच्या त्या छापखान्यात चौथ्या पानाला मशीन थिजल्यावर कुणीतरी कपाळावर हात मारून घेतला असेल, हेही तिच्या डोळ्यांसमोर आलं. विकला गेला नाही याचं तिला जेवढं वाईट वाटलं नव्हतं, तेवढं याचं वाटलं.

रविवारी तिने गजेंद्रला सांगितलं, "नवा बोरू फुकट देऊन टाकायचा. ज्याला हवा त्याने कोरी फ्लॉपी घेऊन यावं."

"फुकट दिलेल्या वस्तूला लोक वस्तू म्हणत नाहीत," गजेंद्र म्हणाला. "कचरा म्हणतात. हे माझं मत लिहून ठेवा."

"तो आधीच फुकट फिरतोय, भाऊ. फिरायचाच असेल तर धड होऊन फिरू दे. नवा सगळीकडे पोहोचला की जुना आपोआप मरेल."

 गजेंद्रला ते पटलेलं दिसत नव्हतं, पण वाटपासाठी रविवारी दुकान मात्र त्याने दिलं. मासिकाचे संपादक आनंदा देवरे सूत बाजारात दलाली करायचे आणि उरलेल्या वेळात अंक काढायचे. त्यांनी निधन वार्तांच्या खाली चौकट टाकली: बोरू मोफत, रविवारी, लिंबायत.

पहिल्या रविवारी इतकी माणसं येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. उधन्याचे छापखानेवाले आले, पांडेसऱ्यातला एक क्लासवाला आला, कामरेजहून एक सहकारी सोसायटीचा सेक्रेटरी आला. प्रत्येक फ्लॉपी गजेंद्र आधी व्हायरससाठी तपासायचा आणि निम्म्यांत काहीतरी सापडायचं. मग तो त्या माणसाला स्वच्छतेवर चार शब्द ऐकवायचा. जयश्री कॉपी करून द्यायची. फ्लॉपी खिशात घातल्यावरही माणूस हलायचा नाही. प्रत्येकाला काहीतरी सांगायचं असायचं. कुणाला अक्षर जाड हवं होतं. कुणाला पगारपत्रकाच्या उभ्या रेघा हव्या होत्या. सेक्रेटरीचं म्हणणं, पडद्याचा निळा रंग उदास आहे. क्लासवाला म्हणाला, यात मध्येच एखादा गेम असता तर मुलं आनंदाने टायपिंग शिकली असती, आणि हे ऐकून गजेंद्रने जयश्रीकडे असं पाहिलं की तिला हसू आलं. बोरू विकत होता तोवर यांतलं कुणी अवाक्षर बोललं नव्हतं. फुकट झाल्यावर सगळ्यांनाच मतं फुटली. गजेंद्रने कचरा म्हणून जे भाकीत केलं होतं ते निदान त्या दिवशी तरी खोटं पडलं.

दुपार कलल्यावर सुपडू माळी म्हणून एक मास्तर आले. नवापूरच्या बाजूच्या एका शाळेत शिकवायचे, सकाळच्या भुसावळ-सुरत गाडीने आले होते. शाळेला कुणीतरी जुना कॉम्प्युटर दान दिला होता आणि प्रश्नपत्रिका त्यांनी जुन्या बोरूत काढून पाहिल्या होत्या.

"चांगला आहे प्रोग्रॅम," मास्तर म्हणाले. "पण चार तक्रारी आहेत."

"सांगा," जयश्री म्हणाली.

"ताई, पाच वाजता दुकान बंद करायचंय," गजेंद्र मागून म्हणाला. "आणि हे आता डॉसमध्ये कशाला वाढवताय? सगळं विंडोजवर चाललंय. दोन वर्षांत हा बोरू कुणी उघडणारही नाही."

त्याचं हे मत पुढे खरं ठरलं. दोन नाही, तीन वर्षं गेली, पण विंडोजचे तयार फॉन्ट आले आणि बोरू एकेका दुकानातून उठत गेला. जयश्रीने नंतर रिंग रोडवरच्या एका कंपनीत साड्यांच्या डिझाइनचे प्रोग्रॅम लिहायचं काम धरलं, तेही विंडोजवर. पण त्या रविवारी तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी मास्तर समोर उभे होते आणि त्यांची परतीची गाडी सुटायला अवकाश होता. तिने त्यांच्यासाठी स्टूल पुढे ओढलं आणि टेबलावरचा एक पाठकोरा कागद घेतला.

"बसा, सर. एकेक करून सांगा. पहिली काय?"

"प्रश्नांना क्रमांक आपोआप पडले पाहिजेत," मास्तर म्हणाले. "मधला एखादा प्रश्न काढला की खालचे सगळे मला पुन्हा हाताने लिहावे लागतात."

"हे होईल," जयश्री म्हणाली, आणि लिहू लागली.